हापशीचा पाना कुणाच्या हातात?

तव्यावर भाकरी असेल तर आधी ती उलटा, मग निवांत ऐका.

आज अवजारांची गोष्ट सांगायची आहे. विळ्या-खुरप्याची थोडी, पण जास्त करून पाना, हातोडी आणि ड्रिल मशीन यांची. ही गोष्ट आम्ही हौसेनं शोधली नाही. आम्हाला ती शोधावी लागली.

गेल्या वर्षी आमच्या गटाला अंगणवाडीच्या खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवायचं आणि तिथल्या नळांची किरकोळ दुरुस्ती करायचं काम मिळालं. असं काम पहिलंच. गटाच्या शिलकीतून साडेसहा हजार रुपये काढले, चौघीजणी तालुक्याला गेलो आणि ड्रिल मशीन घेऊन आलो. दुकानात सगळ्यात मोठं मशीन पुढं केलं, आम्हालाही वाटलं की मोठं ते चांगलं. तिसऱ्या दिवशी आमच्यातली एक जण स्टुलावर उभी राहून खिडकीवरच्या लिंटलमध्ये भोक पाडत होती. आतल्या सळईत बिट अडकलं. बिट थांबलं, पण मशीन थांबलं नाही, ते हातातच गर्रकन फिरलं. मनगट मुरगळलं, बाई खाली आली. तीन आठवडे हात गळ्यात बांधलेला, आणि तेही ऐन खुरपणीच्या दिवसांत.

गावात काय बोललं गेलं ते तुम्हाला सांगायला नको. खरं दुखलं ते बैठकीत. कुणी म्हणाली, आपल्याला जमणारं नव्हतंच. कुणी म्हणाली, पैसे बुडाले, मशीन विका. एकमेकींवर आवाज चढले. मग आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या सदस्य, त्यांना आम्ही सगळ्याच मावशी म्हणतो, त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, खुरपं घेताना आपण मूठ धरून बघतो. हे कुणाची मूठ बघून केलंय?"

त्या प्रश्नापासून आम्ही मागं मागं जायला लागलो.

मावशींच्या लहानपणी खुरपं दुकानातून येत नसे. लोहाराला बलुतं म्हणून खळ्यावर धान्य मिळायचं आणि त्याबदल्यात वर्षभराची अवजारं तो करून द्यायचा, शेवटून द्यायचा. बाई त्याच्या भट्टीपाशी जायची, मूठ हातात धरून बघायची, "जरा वाकव," "पातं जड झालंय," असं सांगायची, आणि तो तिथंच ठोकून द्यायचा. पाणी नीट पाजलं नसेल आणि धार लवकर मोडली, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच्या दारात. म्हणजे निवडायचं कसं, हे बायकांना ठाऊकच होतं. विळी घेतानाही पाट मांडीखाली घेऊन बघतातच की.

पण त्याच गावात काही अवजारांना बाईनं हात लावायचा नाही असा दंडक होता. नांगर धरायचा नाही. सुताराचा रंधा, करवत, भोकं पाडायचा सामता, हे सगळं पुरुषाचं. कारण काय, तर ताकदीचं काम. आणि इकडं रस्त्याकडेच्या पालावर घिसाड्याची बाई घण मारताना आपण सगळ्यांनी पाहिली आहे. नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसलेला, आणि ही उभी राहून दोन्ही हातांनी घण डोक्यावरून खाली आणते. ताकदीचं काम बाईला जमत नाही असं ज्यांना वाटत होतं, त्यांचे नांगराचे फाळ तिनंच घणाखाली शेवटलेले असायचे. यावर आम्ही बैठकीत खूप हसलो, थोड्या गप्पही झालो.

पुढं अवजार कारखान्यातून यायला लागलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमिनीत विष कालवलं जाईल अशी भीती शेतकऱ्यांना वाटत होती, त्यामुळं सुरुवातीला नांगर खपेनात. पुढं तेच नांगर गावोगाव गेले. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच घरानं १९३० मध्ये 'स्त्री' मासिक काढलं, हे जाता जाता सांगतो. आमच्या दृष्टीनं यातली गोष्ट एवढीच की आता अवजार करणारा दाराशी राहिला नाही. "जरा वाकव" म्हणायला कुणी समोर उरलं नाही. जे कारखान्यात ठरलं ते हातात आलं.

आता ड्रिलकडं येऊ.

विजेवर चालणारं, हातात धरायचं ड्रिल जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात फाइन यांच्या कारखान्यात १८९५ साली तयार झालं. जड काम होतं ते, दोन्ही हातांनी धरायचं. मग अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात ब्लॅक आणि डेकर या दोघांनी १९१६-१७ च्या सुमारास त्याला पिस्तुलासारखी मूठ लावली आणि बोटाखाली खटका दिला. खटका दाबला की चालू, सोडला की बंद. पिस्तूल बघूनच ही कल्पना सुचली असं सांगतात. आज तुमच्या-आमच्या गावात इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत जे ड्रिल असतं, ते दिसायला अजून तसंच आहे.

ही मूठ मोठी सुधारणा होती, त्यात वाद नाही. पण ती कारखान्यातल्या मिस्त्रीच्या हातासाठी होती, आणि तो मिस्त्री पुरुष होता. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा अमेरिकेतल्या विमानांच्या कारखान्यांत बाया आल्या. त्यांनी हजारोंनी भोकं पाडली, रिबिटी मारल्या. युद्ध संपलं, पुरुष परतले आणि पुष्कळ जणींना घरी पाठवलं गेलं. १९४६ मध्ये त्याच ब्लॅक अँड डेकर कंपनीनं घरगुती वापरासाठी लहान, स्वस्त ड्रिल बाजारात आणलं. जिला तीन-चार वर्षं ते चालवायची सवय झाली होती, तिच्या घरात ते आलं आणि नवऱ्याच्या कपाटात गेलं. हे शेवटचं वाक्य आमचं आहे. पण आपल्याकडं घरात नवीन ट्रॅक्टर आला की किल्ली कुणाच्या खिशात जाते ते आठवा.

म्हणजे मावशींच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं. उरलेलं निम्मं फार लांब नव्हतं. ते आमच्या वस्तीच्या हापशीत होतं.

कुठं हापसा म्हणतात, कुठं हातपंप, आम्ही हापशी म्हणतो. ती सरकारनं दिली असं आपल्याला वाटतं, आणि ते खरंही आहे. पण तिच्या घडणीत जालना आणि सोलापूर या आपल्या दोन जिल्ह्यांचा हात आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं.

साठ-सत्तरच्या दशकात दुष्काळानं बोअर खणायला सुरुवात झाली. १९७२ चा दुष्काळ तर घराघरातल्या म्हाताऱ्या अजून सांगतात. बोअरवर बसवलेले पंप बिडाचे होते, परदेशातल्या शेतघरांसाठी केलेल्या पंपांच्या नकला. तिकडं एक कुटुंब दिवसातून थोडा वेळ पंप हलवायचं. इकडं पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खी वस्ती. दांड्याचे सांधे झिजायचे, बीड तडकायचं, आणि थोड्याच महिन्यांत पंप बंद. सत्तरच्या दशकाच्या मध्याला देशातले बहुतेक हातपंप बंदच पडलेले होते. बंद पंपाचा अर्थ काय, ते हंडा उचलणारीला विचारा.

जालन्याला मिशनच्या पाणीकामातल्या माणसांनी बिडाऐवजी पोलाद जोडून पंप केला. सोलापूरकडच्या माणसांनी तो आणखी सुधारला. दांड्याला एकच भक्कम सांधा ठेवला आणि दांड्याच्या पुढच्या टोकाला साखळी लावली. आता हापशीचं डोकं उघडलं की दिसते ना साखळी, तीच. साखळीमुळं आतली सळई सरळ वर-खाली जाते, बाजूला घासत नाही. या सोलापुरी पंपावरून युनिसेफ आणि सरकार यांनी मिळून नवा पंप आखला, कोइमतूर भागात तो तपासून पाहिला, आणि १९७७-७८ पासून मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्यात तो तयार होऊ लागला. त्याचं नाव इंडिया मार्क दोन. पुढं तो आपल्या देशातच नव्हे, आफ्रिकेतल्या कितीतरी देशांतही गेला.

मार्क दोनचा दांडा भरीव लोखंडाचा आणि लांब. आपल्याला तो जड वाटतो, पण तो जडपणा मुद्दाम ठेवलाय. त्याच्या वजनानं आतल्या सळयांचं वजन तोललं जातं, म्हणून नऊ-दहा वर्षांची पोरसुद्धा पाणी काढू शकते. म्हणजे वापरणाऱ्या हाताचा विचार झाला होता. दुरुस्ती करणाऱ्या हाताचा मात्र झाला नव्हता.

हापशी बिघडते कशानं? बहुतेक वेळा तळातल्या सिलिंडरमधलं वायसर झिजतं. किरकोळ गोष्ट असावी अशी ती चकती. पण ती बदलायची म्हणजे मार्क दोनमध्ये सगळे पाइप वर काढावे लागतात. सव्वा इंची, दहा फुटी पाइप, एकेकाचं वजन नऊ-दहा किलो. बोअरमध्ये शंभर फूट पाइप सोडलेला असेल तर असे दहा, आणि सुरुवातीला सगळा डोलारा एकदमच उचलायचा. त्याला शिकंजे, उचलायचे दांडे, चार-पाच माणसं आणि एक गाडी लागते. म्हणून अर्ज करायचा, तालुक्याहून गाडी यायची वाट बघायची. एका वायसरसाठी पंधरा-पंधरा दिवस बाया लांबच्या विहिरीवर.

ही अडचण ध्यानात घेऊन ऐंशीच्या दशकात मार्क तीन आला. त्यात पाइप जाड घेतला, अडीच इंची. एवढ्यानं काय झालं? पाइप जागेवर ठेवून आतल्या सळया आणि सिलिंडरचा दट्ट्या त्या पाइपातूनच वर ओढता येऊ लागला. गाडी नको, पाच माणसं नकोत. गावातली एक शिकलेली व्यक्ती आणि एक मदतनीस, दोन-चार पाने, काम झालं. तोटाही आहे. जाड पाइपामुळं पंप महाग पडतो, आणि कधी पाइपच काढायची वेळ आली तर तो जास्त जड. पुष्कळ गावांत अजून मार्क दोनच आहेत ते त्यामुळंही. पण जिथं दुरुस्तीचं अवजार लहान झालं, तिथं दुरुस्ती करणारं माणूस बदलू शकलं.

आणि काही ठिकाणी तर बायांनी अवजार लहान व्हायची वाटही पाहिली नाही. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात माणिकपूर हा खडकाळ, पाण्याचा दुष्काळ असलेला भाग. हल्ली तो चित्रकूट जिल्ह्यात येतो. तिथं १९९० च्या सुमारास महिला समाख्या या कार्यक्रमातून दलित आणि कोल आदिवासी बायकांना हातपंपाची दुरुस्ती शिकवली गेली. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. पंप मार्क दोनचेच, अवजारं तीच जड. पण या गटानं जायच्या, मिळून उचलायच्या, आणि पंप चालू करूनच यायच्या. मग अडचण वेगळीच निघाली. कुठला पंप कधी दुरुस्त केला, कुठलं सामान लागलं, हे लिहायचं कुणी? तेव्हा या बायांनीच म्हटलं, आम्हाला लिहायला शिकवा. त्यातून शिक्षणाची शिबिरं झाली, 'महिला डाकिया' नावाचं त्यांचं स्वतःचं पत्रक निघालं, आणि पुढं २००२ मध्ये त्याच भागातल्या बायांचं 'खबर लहरिया' हे वर्तमानपत्र सुरू झालं. पान्यापासून निघालेली वाट वर्तमानपत्रापर्यंत गेली. आमचं हे भाषण तुम्ही मासिकात वाचत असाल, तर तुम्हालाही गंमत वाटेल.

हे सगळं कळल्यावर आमची पुढची बैठक वेगळी झाली. मशीन विकायचा विषय निघालाच नाही. अवजार घेताना दोन गोष्टी विचारायच्या असं ठरलं: हे धरणार कोण, आणि बिघडलं तर उघडणार कोण? आणि मावशींना घेऊन आम्ही पुन्हा तालुक्याला गेलो.

या वेळी लहान ड्रिल घेतलं. दहा मिलिमीटरचा चक, पाचशे वॅट, भिंतीसाठी ठोक्याची म्हणजे हॅमरची सोय, वजन दोन किलोच्या आत. दुकानात प्रत्येकीनं ते हातात घेतलं. बोट खटक्यापर्यंत ताण न पडता पोचतंय का पाहिलं, डोक्याच्या उंचीवर मनात साठ मोजेपर्यंत धरून पाहिलं. दुकानातला पोरगा हसत होता, हसू दे. ड्रिलसोबत पुढं लावायचा आडवा दांडा येतो. पहिल्या वेळी आम्ही तो खोक्यातच ठेवला होता! बिट अडकलं की मशीनचा झटका त्या दांड्यानंच आवरतो. ज्या बाईचं मनगट गेलं, तिची चूक ताकदीची नव्हती, कुणी तिला तो दांडा लावायला सांगितलं नव्हतं. आता नियम केलाय: दांडा लावल्याशिवाय प्लग लावायचा नाही, आणि आत लोखंड लागल्यासारखं वाटलं की जोर न देता थांबायचं, भोक दोन बोटं सरकवायचं. बिटही पाहून घ्यायचं. सिमेंटचं वेगळं, लोखंडाचं वेगळं, लाकडाचं वेगळं. चुकीचं बिट लावलं की माणूस दाबतच राहतं, आणि मग दोष हाताला देतं.

बॅटरीवरचं ड्रिल आम्हाला फार आवडलं होतं. हलकं, साधारण किलोभराचं, वायर पायात येत नाही, लाइट गेली तरी चालतं. जाळ्यांचे स्क्रू पिळायला उत्तम. पण सिमेंटमध्ये ते दमतं, आणि बॅटरी ज्या त्या कंपनीचीच लागते. ती मेली की नवीन बॅटरीची किंमत ऐकून घाम फुटतो. म्हणून ते पुढच्या वर्षावर टाकलं. वायरच्या मशीनचं एक विचारून घ्या: आतले कार्बन तालुक्यात मिळतात का? मशीन गुरगुरायला, ठिणग्या टाकायला लागलं की बहुधा तेच झिजलेले असतात, आणि ते बदलणं फार अवघड नाही. प्लग काढून, स्क्रू खोलून आमच्यातल्या दोघींनी ते शिकून घेतलंय. आपल्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा मशीन ओढत चालतं आणि तापतं. ती वेळ टाळा. तीन पिनांचा प्लग आला असेल तर अर्थिंगची पिन कापून दोन पिनांत घालायचा शहाणपणा करू नका.

ग्राइंडरबद्दल थोडं कडक बोलतो. लोखंड कापायचं, घासायचं हे मशीन जर्मनीत १९५४ साली निघालं, आणि आज प्रत्येक वेल्डिंगच्या दुकानात दिसतं. चार इंची चकती मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेते. चकतीवर फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो, तो मशीनवरच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर ती चकती घ्यायची नाही, ती फुटते. वरचं झाकण काढून काम करणारे कारागीर तुम्ही पाहिले असतील, त्यांचं बघून शिकू नका. लाकूड कापायची दातेरी चकती ग्राइंडरला लावू नका. पदर खोचून नाही चालत, वरून बंद गळ्याचा शर्ट घाला. केस बांधा, बांगड्या आणि मंगळसूत्र काढून ठेवा किंवा आत घ्या. यावरून आमच्याकडं वाद झाला, मंगळसूत्र काढायचं म्हणजे काय म्हणून. मावशींनी शर्टाचं वरचं बटण लावून दाखवलं, वाद मिटला. डोळ्याला चष्मा, आणि हातात सैल, लोंबते मोजे नकोत, ते फिरत्या चकतीत ओढले जातात.

हातच्या अवजारांवर मात्र पैसे वाचवू नका. पाइप पाना आम्ही आधी एकच, छोटा घेतला होता. नळाचं काम एका पान्यानं होत नाही, एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं फिरवायचं. आता चौदा इंची आणि अठरा इंची असे दोन आहेत. अठरा इंची दिसायला रांगडा, पण दांडा लांब असल्यानं जोर कमी लागतो. जात्याचा खुंटा मध्याजवळ ठोकला तर दळण किती जड जाईल, तेच गणित. छोटा पाना 'बायकांना सोपा' म्हणून कुणी देऊ लागलं तर हे आठवा. स्वस्त पान्याचे दात लवकर बोथट होतात आणि ऐन जोरात तो घसरतो, बोटं सोलवटतात. हातोडी अर्ध्या किलोच्या आतली, लाकडी दांड्याची, आणि धरायची ती दांड्याच्या टोकाला, डोक्याजवळ नव्हे. हलकं असलं की कमी प्रतीचं असं मात्र नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा हातात घेऊन बघा, हलका आहे आणि भात सपासप कापतो.

मोठं मशीन अजून आमच्याकडं आहे. गावातला गवंडी ते दिवसाच्या भाड्यानं नेतो, वहीत सही करतो, आणि आडवा दांडा लावलेला असल्याशिवाय आम्ही ते त्याच्याही हातात देत नाही. अंगणवाडीच्या शेवटच्या दोन खिडक्या बाकी होत्या, त्या जिचं मनगट मुरगळलं होतं तिनंच पूर्ण केल्या.

तुमच्या वस्तीची हापशी कुठली आहे, मार्क दोन की तीन, ते बघून आम्हाला कळवा. पुढच्या गुरुवारी वायसर कसं बदलायचं ते सांगू. जुनं, झिजलेलं एखादं वायसर मिळालं तर जपून ठेवा, ते बघता बघता समजायला सोपं जाईल.